प्रेफरन्स: ‘कशापेक्षा?’ हा प्रश्न पोटात घेऊन येणारा शब्द

माझी पुतणी अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज भरायला माझ्याकडे येऊन बसली होती. पडद्यावर कॉलेजांची यादी होती आणि वर ‘प्रेफरन्स’ हा शब्द. तिनं विचारलं, “आत्या, इथं मला आवडणारी कॉलेजं टाकायची ना? पण मला चारही सारखीच आवडतात गं.”

मी सवयीनं ‘हो’ म्हणणार होते, पण थांबले. चार गोष्टी सारख्याच आवडू शकतात. चारही गोष्टींना पहिला प्रेफरन्स मात्र देता येत नाही. शाळेत आपल्याला ‘लाइक म्हणजे आवडणे, प्रेफर म्हणजे अधिक आवडणे’ असं शिकवलं गेलं. त्या ‘अधिक’ शब्दाकडे कुणी नीट पाहिलं नाही, आणि खरा अर्थ तिथंच आहे.

हा शब्द लॅटिनमधून आला. ‘प्रे’ म्हणजे पुढे, आधी. ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे. दोन्ही मिळून ‘उचलून पुढे ठेवणे’. हा ‘फेर्रे’ आपल्याला अगदीच परका नाही. भार, भरण या शब्दांमागचा संस्कृत ‘भृ’ धातू आणि हा ‘फेर्रे’ एकाच भाषाकुळातले सख्खे नातेवाईक आहेत. ट्रान्स्फर, रेफर, डिफर हे इंग्रजी शब्दही त्याच घरातले, कारण या सगळ्यांत काहीतरी इकडून तिकडे नेलं जातं. प्रेफरमध्ये एक वस्तू दुसरीच्या पुढे नेली जाते. म्हणजे दुसरी वस्तू हवीच. एकटी गोष्ट आवडू शकते, पण एकट्या गोष्टीला प्रेफर करता येत नाही, कारण ती ठेवणार कुणाच्या पुढे?

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाला माणसाला वरच्या पदावर नेणे असाही अर्थ होता. चर्चमधल्या बढतीला ‘प्रेफरमेंट’ म्हणत, तो शब्द अजूनही कोशात सापडतो. शब्दाच्या मुळाशी मनातल्या गोडीपेक्षा रांगेतली जागा आहे, हे त्यावरून कळतं.

मराठीशी ताडून पाहिलं की हा फरक आणखी उघड होतो. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात कर्ता कोण? आंबा. क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं: आंबा आवडतो, कैरी आवडते, फणस आवडतात. ‘मी’ तिथं ‘मला’ होऊन बाजूला बसलेला असतो, आवडणं त्याच्या बाबतीत घडतं. गंमत म्हणजे इंग्रजीतलं ‘लाइक’ही पूर्वी असंच चालायचं. शेकडो वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत वस्तू माणसाला ‘लाइक’ व्हायची, म्हणजे रुचायची. पुढे वाक्याची रचना उलटली आणि माणूस कर्ता झाला. ‘प्रेफर’ची गोष्ट पहिल्यापासून वेगळी आहे. तिथं माणूस हातानं काहीतरी उचलून पुढे ठेवतो. आवडणं आपोआप होतं, प्रेफर करावं लागतं. पुतणीची अडचण हीच होती. आवडण्याचा भाग तिचा कधीच झाला होता, पुढे ठेवण्याचा राहिला होता.

मग मराठीत या शब्दाला काय म्हणायचं? एकच शब्द शोधायला गेलं की घोटाळा होतो, कारण मराठीनं हे काम तीन-चार शब्दांत वाटून दिलं आहे.

‘पसंत’ हा फारसीतून आलेला शब्द. पण आपल्याकडे त्याचं उत्तर बहुतेक वेळा हो किंवा नाही असं असतं. ‘स्थळ पसंत आहे’ म्हटलं की विषय संपतो. त्या स्थळाचा कितवा नंबर, असं कुणी विचारत नाही. त्याला ‘क्रम’ जोडून ‘पसंतीक्रम’ केलं की मात्र तो प्रेफरन्सच्या बराच जवळ जातो. अर्जातल्या रकान्यासाठी हाच शब्द नेमका आहे.

‘प्राधान्य’ हा नोकरीच्या जाहिरातीतला शब्द. ‘अनुभवी उमेदवारांस प्राधान्य’ यात कुणाच्याही मनातल्या आवडीचा संबंध नाही. दोघं सारखेच पात्र ठरले तर अनुभवी माणूस पुढे, एवढंच त्याचं म्हणणं. इंग्रजी जाहिरातीत ‘प्रेफर्ड’ आणि ‘रिक्वायर्ड’ हे दोन शब्द येतात आणि त्यांच्यातलं अंतर ओळखता न आल्यामुळे अनेक चांगली मुलं अर्जच करत नाहीत. ‘रिक्वायर्ड’ म्हणजे असायलाच हवं, नसेल तर अर्ज बाजूला. ‘प्रेफर्ड’ म्हणजे असेल तर तुम्ही पुढे, नसेल तरी रांगेत आहातच. ‘जर्मन भाषा प्रेफर्ड’ असं वाचून जर्मन न येणाऱ्यानं पान बंद करायचं कारण नाही. हे मी भेटेल त्या विद्यार्थ्याला सांगते, कारण या एका शब्दाच्या चुकीच्या वाचनानं संधी जाताना मी पाहिल्या आहेत.

तिसरा शब्द लग्नाच्या बायोडाटातला. इंग्रजी विवाहसंस्थळांवर जिथं ‘पार्टनर प्रेफरन्स’ असतं, तिथं मराठी बायोडाटात ‘अपेक्षा’ लिहिलेलं असतं. पुण्यात नोकरी, स्वतःचं घर, निर्व्यसनी. दोन्ही रकान्यांत मजकूर सारखाच असतो, पण शब्दांचं वजन वेगळं. अपेक्षा पुरी झाली नाही तर अपेक्षाभंग होतो. प्रेफरन्स पुरा झाला नाही तर माणूस यादीतल्या पुढच्या ओळीवर जातो. बायोडाटात ‘अपेक्षा’ऐवजी ‘प्राधान्य’ लिहिलं, तर समोरच्या घरावर पडणारं दडपण थोडं कमी होईल असं मला मनापासून वाटतं. आणि तुलनेसाठी आपण रोज वापरतो तो ‘पेक्षा’ हा प्रत्ययासारखा शब्ददेखील ‘अपेक्षा’चंच झिजलेलं रूप आहे. तुलना आणि अपेक्षा यांचं नातं मराठीत असं आधीपासून आहे.

आता वापराकडे. मराठी माणसाची सर्वात जास्त होणारी चूक या ‘पेक्षा’मुळेच होते. ‘मी कॉफीपेक्षा चहा घेणं पसंत करते’ याचं आपण मनात भाषांतर करतो आणि ‘आय प्रेफर टी दॅन कॉफी’ म्हणून मोकळे होतो. बरोबर वाक्य ‘आय प्रेफर टी टू कॉफी’. ‘प्रेफर’च्या पोटात ‘पुढे’ हा अर्थ आधीच आहे, त्यामुळे कुणाच्या पुढे एवढंच सांगायचं उरतं, आणि ते काम ‘टू’ करतो. सीनियर टू, ज्युनियर टू, सुपीरियर टू या लॅटिनमधून आलेल्या तुलनादर्शक शब्दांनाही ‘टू’च लागतो, म्हणून ते एकत्र लक्षात ठेवावेत. याच कारणानं ‘मोअर प्रेफरेबल’ म्हणू नये. ‘अधिक’ तिथं आधीच आहे.

दोन क्रियांची तुलना असेल तर दोन वाटा आहेत. ‘आय प्रेफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग’ ही एक. किंवा ‘आय प्रेफर टू वॉक रादर दॅन ड्राइव्ह’. दुसऱ्या वाटेत ‘दॅन’ येतो, पण तो ‘रादर’चा हात धरून. दोन्ही वाटा एकाच वाक्यात मिसळल्या की वाक्य अडखळतं.

‘आय प्रेफर’ आणि ‘आय वुड प्रेफर’ यांतला फरक बारीक आहे, पण बोलताना रोज लागतो. पहिलं सवयीबद्दल: एरवी मी चहाच घेते. दुसरं आत्ताच्या वेळेबद्दल: आज, या घडीला चहा चालेल. पाहुणे म्हणून गेलेल्या घरी दुसरं वापरावं, ते ऐकायला मऊ लागतं. ‘आय वुड प्रेफर नॉट टू’ हा तर सभ्य नकाराचा नमुना आहे, ‘नको’ न म्हणता ‘नको’ सांगणारा. सर्वेक्षणाच्या अर्जात उत्पन्न किंवा धर्म विचारल्यावर ‘प्रेफर नॉट टू से’ असा पर्याय असतो, तोही या जातीचा. सांगायचं नाही, एवढंच तो म्हणतो. लपवण्याचा आरोप त्यात नाही.

स्पेलिंगबद्दल थोडंसं. ‘प्रेफर्ड’मध्ये आर दोनदा येतो आणि ‘प्रेफरन्स’मध्ये एकदा, याचं कारण उच्चारात आहे. ‘प्रिफर’ म्हणताना जोर दुसऱ्या भागावर, ‘फर’वर पडतो. तो जोर तिथंच राहिला की आर दुप्पट होतो. ‘प्रेफरन्स’ आणि ‘प्रेफरेबल’मध्ये जोर सरकून पहिल्या ‘प्रे’वर जातो आणि आर एकटा पडतो. रेफर्ड आणि रेफरन्स यांचंही असंच. जोर कुठं पडतो ते कानाला कळलं की पाठ करावं लागत नाही.

पुतणीच्या अर्जाकडे परत येते, कारण तिथं या शब्दाचा अर्थ चुकला तर वर्ष चुकू शकतं. पालकांमध्ये एक समज पक्का आहे: आधी ‘मिळेल असं’ कॉलेज टाकावं, स्वप्नातलं वर टाकलं तर खालचं हातचं जातं. गुणवत्तेप्रमाणे जागा देणाऱ्या पद्धतीत असं होत नाही. संगणक गुणानुक्रमे एकेका विद्यार्थ्याकडे येतो, त्याच्या यादीतलं पहिलं कॉलेज पाहतो, जागा शिल्लक असेल तर देतो. नसेल तर दुसरं पाहतो, मग तिसरं. तुमची पाळी गुणांवर ठरलेली असते. तुम्ही वर मोठं नाव लिहिलं म्हणून ती पाळी मागे जात नाही. त्यामुळे जे खरंच सर्वात जास्त हवं आहे ते एक नंबरला लिहायला काही खर्च नाही. धोका आहे तो उलट बाजूला. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात साधारणपणे पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथंच प्रवेश घ्यावा लागतो, पुढच्या नियमित फेऱ्यांचं दार बंद होतं. म्हणून जे नको आहे ते ‘सेफ’ म्हणून वर ठेवू नये. त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र वाचावंच, तपशील बदलत असतात.

आम्ही दोघींनी मग वेगळा प्रश्न घेतला. ‘कोणतं आवडतं?’ हा बाजूला ठेवला आणि दोन-दोन कॉलेजं समोरासमोर आणली. ‘दोन्हीकडून बोलावणं आलं तर कुठं जाशील?’ पाच मिनिटांत यादी लागली. सारखी आवडणारी चार कॉलेजं मुळीच सारखी नव्हती.

असा क्रमांक लावण्याची सर्वात मोठी जागा म्हणजे आपली काही महत्त्वाची मतदानं. राष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांत मतदार यंत्राचं बटण दाबत नाही. तो उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. बातम्यांत ‘पहिल्या पसंतीची मतं’ हे शब्द येतात ते यामुळे. १ हा आकडा लिहिला नाही तर मतपत्रिका बाद होते. २ आणि त्यापुढचे आकडे ऐच्छिक असतात. आता या दुसऱ्या आकड्याला किती किंमत असते?

१९६९ मध्ये ती किंमत देशानं पाहिली. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं आणि ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. अनेक उमेदवारांत प्रमुख तीन: काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष म्हणून उभे राहिलेले आणि इंदिरा गांधींचा पाठिंबा असलेले व्ही. व्ही. गिरी, आणि तिसरे चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे तेच सी. डी. देशमुख.

या निवडणुकीत आमदार-खासदार मत देतात आणि प्रत्येकाच्या मताला ठरलेलं मूल्य असतं. वैध मतांचं एकूण मूल्य होतं ८,३६,३३७. जिंकायला निम्म्याहून जास्त, म्हणजे ४,१८,१६९ हवं होतं. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. कुणीच पार झालं नाही. मग मागे पडलेले उमेदवार एकेक करून बाद केले गेले आणि त्यांच्या मतपत्रिका उघडून पुढच्या पसंतीचा आकडा कुणापुढे आहे ते पाहिलं गेलं. शेवटी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर.

हे आकडे मला फार बोलके वाटतात. वाटपात रेड्डींच्या पदरात ९१,८७९ पडली, गिरींच्या फक्त १८,५६२. म्हणजे बाद झालेल्या उमेदवारांच्या मतदारांनी दुसऱ्या जागी बहुतांशी रेड्डींना ठेवलं होतं. पण गिरींना गरजच १६,६५४ ची होती. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पुढच्या पसंतीची मतं मोजावी लागली ती ही एकच वेळ. ‘मला देशमुख हवेत’ एवढंच सांगून थांबलेल्या मतदाराचं मत तिथंच संपलं. ‘देशमुख नाहीत तर कोण?’ याचं उत्तर देणाऱ्याचं मत शेवटच्या फेरीपर्यंत चाललं. प्रेफरन्स आणि आवड यांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

अर्थात क्रम लावला म्हणजे सगळं सुटतं असंही नाही. तीन मैत्रिणी नाश्त्याला बसल्या आहेत असं धरा. पहिलीचा क्रम मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा. दुसरीचा थालीपीठ, वडा, मिसळ. तिसरीचा वडा, मिसळ, थालीपीठ. मिसळ आणि थालीपीठ यांत दोघी मिसळीच्या बाजूनं. थालीपीठ आणि वडा यांत दोघी थालीपिठाच्या. मग मिसळ वड्याला सहज हरवेल? नाही, वडा आणि मिसळ यांत दोघी वड्याच्या बाजूनं आहेत. चक्र पुरं झालं. प्रत्येकीचं मन स्वच्छ आहे, पण तिघींचं मिळून एक मन तयार होत नाही. फ्रेंच विचारवंत काँडोर्से यानं हा पेच १७८५ मध्ये मांडला. घरात सहलीचं ठिकाण ठरत नाही तेव्हा दर वेळी कुणी हट्टी असतोच असं नाही. कधी कधी गणितच असं असतं.

शेअरबाजारातला ‘प्रेफरन्स शेअर’ लवकर आटोपते. इथंही कंपनीचं त्या भागधारकावर जास्त प्रेम आहे असा अर्थ नाही. लाभांश वाटताना आणि कंपनी बंद झाल्यावर भांडवल परत देताना तो साध्या भागधारकाच्या आधी उभा असतो. कर्ज देणारे त्याच्याही आधी. पुढे उभं राहण्याच्या बदल्यात त्याचा मताधिकार मर्यादित असतो. पण २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे दोन वर्षं किंवा जास्त काळ लाभांश थकला तर त्याला सगळ्या ठरावांवर मत देता येतं. पुन्हा रांगेचीच गोष्ट.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग: आपला प्रेफरन्स ओळखायचा कसा? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युअलसन यांनी १९३८ मध्ये मांडलं की माणसाच्या मनात डोकावण्यापेक्षा त्याची निवड पाहा. दोन्ही गोष्टी परवडत असताना त्यानं जी उचलली, तिच्यात त्याचा प्रेफरन्स दिसतो. हे वाचल्यावर मी माझा फोन पाहिला. मराठीवर जीव असलेली, आयुष्यभर मराठीत लिहिणारी बाई मी, आणि सेटिंगमध्ये भाषा इंग्रजी. एटीएमवरही बोट सवयीनं इंग्रजीकडे जायचं. माझं मराठीवरचं प्रेम खरं होतं, पण यंत्राच्या नोंदीत ते कुठंच उमटत नव्हतं. तिथं फक्त निवड दिसते. त्या दिवशी मी दोन्हीकडे मराठी लावली. ‘सेटिंग्ज’ शोधताना आठवडाभर अडखळले, मग सरावले.

तरीही निवड म्हणजेच मन, असं धरून चालणं मला पटत नाही. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण आपण दुसऱ्याला टोचायला वापरतो, पण नॉर्वेचे विचारवंत जॉन एल्स्टर यांनी त्याच कथेतून एक गंभीर गोष्ट दाखवली. जे मिळणारच नाही, ते माणूस नकोसं करून घेतो. ढोंग म्हणून नव्हे, खरोखरच. इच्छा परिस्थितीच्या मापाची होते. अमर्त्य सेन यांनीही वारंवार हेच बजावलं आहे की वंचित माणूस तक्रार करत नाही, यावरून तो समाधानी आहे असं ठरवू नये.

हे समजायला मला पुस्तकांपर्यंत जायची गरज नव्हती. आई सगळ्यांची पानं उरकल्यावर जेवायला बसायची. सकाळची पोळी तिच्या पानात, ताजी आमच्या. विचारलं तर म्हणायची, “मला शिळीच आवडते, दुधात कुस्करून.” सायीचा वाटा तिनं कधी घेतला नाही, ‘मला साय मानवत नाही’ म्हणाली. आम्ही ते खरं मानलं. बहुधा तीही खरं मानत होती. पण तिच्यासमोर कधी दोन गोष्टी एकाच वेळी, सारख्या हक्कानं ठेवल्याच गेल्या नव्हत्या. मग तिनं कशाच्या पुढे काय ठेवायचं?

पुतणीचा अर्ज भरून झाला, तेव्हा आई आतल्या खोलीत होती. मी दारातून विचारलं, “आई, चहा की कॉफी?”

“तुम्ही घ्याल ते.”

आमच्या घरात कायम चहा. वडिलांना चहा लागायचा, म्हणून तिलाही चहा. त्या दिवशी मी दोन्ही केलं, दोन कप तिच्यासमोर ठेवले आणि काही न बोलता बसून राहिले. ती बराच वेळ दोन्हीकडे पाहत होती. पुतणीनं मध्येच “आजी, घे ना” म्हटलं, तिला मी खुणेनं थांबवलं.

आईनं कॉफीचा कप पुढे ओढला. एक घोट घेतला आणि म्हणाली, “उद्या थोडी साखर जास्त घाल.”